विश्लेषण : दवाखाना दूर, मुले परगावी… गडचिरोली-चंद्रपुरात ज्येष्ठांच्या देखभालीची तयारी कशी करावी?

ज्येष्ठांच्या देखभालीचा विषय निघाला की शहरात वृद्धाश्रम, पगारी काळजीवाहू, घरी येणारे फिजिओथेरपिस्ट यांची चर्चा होते. गडचिरोली आणि चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात यातले फारसे काही हाताशी नसते. तिथे म्हातारपण घरात निघते, आजारपणही घरातच निघते. अशा ठिकाणी ‘वेळ आली की बघू’ हे धोरण महागात पडते, कारण वेळ येते तेव्हा रस्ता, कागद, पैसा आणि माणूस या चारही गोष्टी एकदम लागतात. यातली कोणती तयारी आधी करता येते, सरकारी योजनांतून काय मिळते आणि कायदा कुठे उपयोगी पडतो, याचा हा आढावा.

प्रश्न नेमका काय आहे?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात ६० वर्षांवरील नागरिकांचे प्रमाण ८.६ टक्के होते, महाराष्ट्रात ते ९.९ टक्के होते. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालानुसार २०५० पर्यंत देशातील दर पाच माणसांमागे किमान एक जण साठीपुढचा असेल. हा बदल पुण्यात होतो तसाच एटापल्लीतही होतो. फरक आहे तो अंतराचा.

गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४ हजार ४१२ चौरस किलोमीटर आणि २०११ ची लोकसंख्या १० लाख ७२ हजार ९४२. म्हणजे एका चौरस किलोमीटरला जेमतेम ७४ माणसे. जिल्ह्याचा तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली. १९८२ मध्ये ज्या चंद्रपूरपासून हा जिल्हा वेगळा झाला, तिथे कोळसा खाणी, औष्णिक वीज केंद्र, बल्लारपूरची पेपर मिल आणि सिमेंट कारखाने आहेत. पण ताडोबाच्या भोवतालची, मूल-सिंदेवाहीकडची किंवा जिवतीच्या डोंगरातली गावे गडचिरोलीच्या गावांसारखीच जगतात.

या पट्ट्यात ज्येष्ठ माणूस ‘निवृत्त’ होत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचणे, उन्हाळ्यात तेंदूपाने, पावसाळ्यात रोवणी आणि एरवी नातवंडे, गुरे, घर ही कामे हातपाय चालतात तोवर सुरूच असतात. त्यामुळे एक म्हातारे माणूस अंथरुणाला खिळले की घराला दुहेरी फटका बसतो. त्याचे काम थांबते आणि त्याला सांभाळण्यासाठी दुसऱ्या कोणाला तरी काम सोडावे लागते.

गडचिरोलीतील अभ्यास काय सांगतो?

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या ‘सर्च’ या संस्थेने जिल्ह्यातील ८६ गावांतील मृत्यूंचा अभ्यास केला होता. २०११ ते २०१३ या काळातील १,५९९ मृत्यूंपैकी २२९ मृत्यू पक्षाघाताने, म्हणजे गावात ज्याला लकवा म्हणतात त्याने झाले होते. हे प्रमाण १४.३ टक्के, आणि मृत्यूचे सर्वात मोठे कारण हेच. २०१५ मध्ये ‘स्ट्रोक’ या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला. मलेरिया, कुपोषण आणि बालमृत्यूंसाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात लकवा पहिल्या क्रमांकावर असेल, अशी अपेक्षा फारशी कोणी केली नव्हती.

देखभालीच्या दृष्टीने त्याच अभ्यासातील आणखी दोन आकडे महत्त्वाचे आहेत. लकव्याने मृत्यू झालेल्यांपैकी ८७.३ टक्के लोकांचा मृत्यू घरी झाला. आणि लक्षणे दिसल्यापासून पहिल्या महिन्यात मृत्यू झालेल्यांचे प्रमाण ४६.३ टक्के होते. म्हणजेच निम्म्याहून अधिक रुग्ण महिन्यापेक्षा जास्त काळ जगले. त्या काळात त्यांना भरवणे, कुशीवर वळवणे, स्वच्छ करणे हे सगळे बहुतेक ठिकाणी घरच्यांनीच केले असणार. यातून वाचून वर्षानुवर्षे अधू अवस्थेत जगणारे रुग्ण तर या आकड्यांत धरलेलेच नाहीत.

साडेचार तासांचे गणित काय?

मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकून लकवा झाला असेल, तर ती विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्याआधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. भामरागड ते गडचिरोली हे अंतर सुमारे १८० किलोमीटर आहे. ताशी ४० किलोमीटरची सरासरी धरली तरी प्रवासालाच साडेचार तास लागतात. गाडी मिळेपर्यंतचा आणि पाड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत खाटेवरून नेण्याचा वेळ यात धरलेला नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो.

या गणिताचा अर्थ प्रयत्न सोडून द्यावा, असा नाही. तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात किंवा पाय अचानक लुळा पडणे, बोलणे अडखळणे यातले एकही लक्षण दिसले तर लगेच १०८ क्रमांकावर फोन करावा आणि लक्षण किती वाजता दिसले ते लिहून ठेवावे. कोमट तेलाने मालीश करून पाहणे, आधी पुजाऱ्याला किंवा वैदूला दाखवणे, ‘उद्या सकाळी जाऊ’ म्हणणे यातच मोलाचे तास जातात. तोंडाने पाणी, चहा किंवा गोळी देऊ नये. गिळण्याची शक्ती गेली असेल तर ते श्वासनलिकेत जाते.

पण अंतर कमी करणे कुटुंबाच्या हातात नसते. रक्तदाब मोजणे हातात असते. लकव्याचे सर्वात मोठे कारण उच्च रक्तदाब आहे आणि तो बहुतेकदा कोणतेही लक्षण न दाखवता वाढतो. म्हणून जंगलपट्ट्यातील देखभालीच्या नियोजनाची पहिली पायरी म्हणजे घरातील तिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घेणे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. गोळी सुरू झाली की बरे वाटले म्हणून ती बंद करायची नाही. पुराने तुटणाऱ्या गावांनी जूनपूर्वीच पुरेसा साठा मागून घ्यायचा. खर्रा, तंबाखू आणि दारू सोडणे हा त्याच उपचाराचा भाग.

घरी देखभाल म्हणजे काय काय करावे लागते?

रुग्णालयातून घरी सोडताना बहुतेक कुटुंबांना गोळ्यांची चिठ्ठी मिळते, पण देखभाल शिकवली जातेच असे नाही. घरी सोडण्याच्या दिवशी परिचारिकेकडून या गोष्टी प्रत्यक्ष करून दाखवायला सांगाव्यात :

कूस बदलणे : स्वतःहून हलू न शकणाऱ्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते. माकडहाड, टाचा, ढुंगण आणि खांदे रोज पाहावेत. तिथली त्वचा लालसर किंवा काळपट दिसली आणि दाबूनही रंग बदलला नाही, तर ती जखमेची सुरुवात असते.

खाट : सैल विणलेल्या खाटेत अंग खचते आणि वळवणाऱ्याची कंबर धरते. खाट ताणून घट्ट करावी, वर जाड गादी टाकावी. पावसाळ्यात रुग्णाला जमिनीवर झोपवू नये. मण्यारसारखे साप रात्री अंथरुणात शिरतात. मच्छरदाणी तर हवीच. राज्यातील मलेरियाच्या रुग्णांत गडचिरोलीचा वाटा मोठा असतो.

भरवणे : रुग्णाला बसवून, मान किंचित पुढे झुकवून, लहान घासांनी भरवावे. पातळ पेज गिळताना ठसका लागत असेल तर जरा घट्ट करून द्यावी. भरवल्यावर किमान अर्धा तास आडवे करू नये.

लुळी बाजू : लुळ्या हातापायाचे सांधे दिवसातून दोन-तीनदा हळूहळू हलवावेत, नाहीतर ते आखडून बसतात. उचलताना लुळा हात ओढू नये, खांदा निखळतो.

पडणे : ज्येष्ठांचे मांडीचे हाड मोडले की अनेकदा त्यांचे चालणे कायमचे बंद होते. रात्री लघवीला अंगणात जावे लागणे हे पडण्याचे मोठे कारण. उशाशी टॉर्च, दारापासून शौचालयापर्यंत बांबूचा कठडा आणि शेवाळ खरवडून काढलेले अंगण या तिन्ही गोष्टी गावातच होण्यासारख्या आहेत.

विसर : वय झाल्यावर थोडे विसरायला होतेच. पण रोजच्या वाटेवर चुकणे, जेवल्याचे न आठवणे, घरच्यांवर अचानक संशय घेणे ही स्मृतिभ्रंशाची लक्षणे असू शकतात. जंगलाला लागून असलेल्या गावात वाट चुकलेल्या माणसाला वाघ-अस्वलांचाही धोका असतो. अशा माणसाला एकटे सरपणाला किंवा मोहाला पाठवू नये आणि शेजाऱ्यांना याची कल्पना देऊन ठेवावी.

देखभाल करणाऱ्याचे काय?

ही सगळी कामे करणारी व्यक्ती बहुतेक घरांत सून, मुलगी किंवा स्वतःच साठी ओलांडलेली बायको असते. तिच्या कामाचा हिशेब कोणी मांडत नाही. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. श्रावणबाळ योजनेचे निवृत्तीवेतन महिन्याला १,५०० रुपये. म्हणजे महिन्याचे निवृत्तीवेतन पाच दिवसांच्या मजुरीइतकेही भरत नाही. तेंदूच्या हंगामात घरातील एक बाई महिनाभर रुग्णाजवळ थांबली, तर वर्षातली सर्वात मोठी रोख कमाई बुडू शकते.

स्थलांतराने हा पेच वाढतो. धानाची कापणी आटोपली की दोन्ही जिल्ह्यांतून अनेक कुटुंबे मिरची तोडणीसाठी तेलंगणात जातात. शिकलेली मुले नागपूर, पुणे, हैदराबादला नोकरी धरतात. मागे उरतात ते आजी-आजोबा आणि नातवंडे. अशा घरात ज्याला सांभाळायचे तोच घर सांभाळत असतो.

त्यामुळे भावंडांत कामाची वाटणी स्पष्ट हवी. जो गावात राहून सेवा करतो त्याचा वाटा वेळेचा असतो. जो बाहेर आहे त्याने पैशांचा वाटा उचलावा, ठरलेल्या तारखेला आणि ठरलेली रक्कम. वर्षातून ठरावीक दिवस, उदाहरणार्थ तेंदूच्या पंधरवड्यात, त्याने स्वतः येऊन रुग्णाजवळ थांबावे. त्यामुळे गावातल्या माणसाला हंगाम साधता येतो. ‘लागेल तेव्हा सांग’ या वाक्यावर चाललेली वाटणी पहिल्याच मोठ्या आजारात मोडते आणि भांडण मग जमिनीपर्यंत जाते.

कोणत्या वयाला काय मिळते?

योजना अनेक आहेत, पण प्रत्येकीची वयाची अट वेगळी. त्या पायऱ्यांप्रमाणे मांडल्या तर लक्षात राहतात.

६० वर्षे : ज्येष्ठ नागरिक कायद्याचे संरक्षण या वयापासून. आई-वडिलांना मात्र मुलांकडून निर्वाह मागण्यासाठी वयाची अट नाही.

६५ वर्षे : श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना, महिन्याला १,५०० रुपये. अर्ज तहसील कार्यालयात. अट अशी की कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवे. ३१२ रुपयांच्या दराने घरातील एका माणसाने वर्षात ६८ दिवस काम केले तरी ही मर्यादा ओलांडली जाते. याच वयापासून एसटीत निम्मे तिकीट. महिलांना एसटीत वयाची अट न लावता ५० टक्के सवलत आहे. २०२४ मध्ये आलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून चष्मा, काठी, श्रवणयंत्र, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये. त्यासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा दोन लाख रुपये. अर्ज कधी घेतले जातात याची चौकशी समाज कल्याण कार्यालयात करावी.

७० वर्षे : आयुष्मान वय वंदना कार्ड. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० आणि त्यावरील सर्वांना उत्पन्नाची अट न लावता वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार. मात्र हे संरक्षण रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे. महिनोन्महिने घरी चालणाऱ्या देखभालीला यातून पैसे मिळत नाहीत.

७५ वर्षे : राज्यात एसटीचा प्रवास पूर्ण मोफत. दर महिन्याला तालुक्याच्या दवाखान्यात जाणाऱ्यासाठी ही सवलत औषधाइतकीच कामाची.

८० वर्षे : दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय निवृत्तीवेतनातील केंद्राचा वाटा २०० वरून ५०० रुपये होतो.

चंद्रपूरच्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्यांचीही स्थिती फार वेगळी नाही. भविष्यनिर्वाह निधीशी जोडलेल्या १९९५ च्या योजनेतील किमान निवृत्तीवेतन सप्टेंबर २०१४ पासून महिन्याला १,००० रुपयेच आहे.

कागद कुठे अडतात?

पहिली अडचण वयाची. जंगलपट्ट्यातील अनेक ज्येष्ठांकडे जन्माची नोंद किंवा शाळेचा दाखला नसतो. आधार काढताना अंदाजाने वर्ष सांगितले गेले आणि जन्मतारीख १ जानेवारी पडली. हे अंदाजाचे वर्ष पाच वर्षांनी मागेपुढे असेल, तर वरच्या पायऱ्यांतील एक पूर्ण पायरी चुकते. आधारवरील जन्मतारीख दुरुस्त करण्याची संधी सहसा एकदाच मिळते. म्हणून पुरावा गोळा करूनच अर्ज करावा.

दुसरी अडचण बोटांच्या ठशांची. आयुष्यभर माती, बांबू आणि कुऱ्हाड हाताळलेल्या बोटांच्या रेषा झिजतात आणि यंत्र ठसा घेत नाही. केंद्रीय निवृत्तीवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्यासाठी २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आहे. बँकांनी ७० वर्षांवरील खातेदारांना घरपोच सेवा द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच सांगितले आहे. शाखेत लेखी मागणी केल्याशिवाय ही सोय सहसा पुढे येत नाही.

तिसरी अडचण पैशांपर्यंत पोहोचण्याची. लकव्याने उजवा हात गेला की सही जाते. खाते एकट्याच्या नावावर असेल तर स्वतःचेच पैसे अडकतात. हातपाय आणि डोके शाबूत असतानाच बायको किंवा विश्वासू अपत्याला जोडून ‘दोघांपैकी कोणीही’ चालवू शकेल असे संयुक्त खाते करावे, वारसाचे नाव नोंदवावे. मुखत्यारपत्र करणाऱ्यांनी एक मर्यादा लक्षात ठेवावी. करून देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की करार कायद्याच्या कलम २०१ नुसार ते संपुष्टात येते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाबाबत, जेव्हा त्याची गरज सर्वाधिक असते तेव्हाच ते निरुपयोगी ठरते.

मुले सांभाळत नसतील तर?

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ यासाठीच आहे. स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून भागत नसेल तर आई-वडील सज्ञान मुलगा, मुलगी, नातू, नात यांच्याकडून निर्वाह मागू शकतात. मूल नसलेली ज्येष्ठ व्यक्ती, जो तिची मालमत्ता वापरतो किंवा ज्याला ती वारशाने मिळणार आहे अशा नातेवाइकाकडे मागणी करू शकते. सुनेवर ही कायदेशीर जबाबदारी नाही, मुलीवर आहे. प्रत्यक्षात घराघरांत नेमके उलटे गृहीत धरले जाते.

अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याच्या, म्हणजे एसडीओंच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. वकिलाची गरज नाही. कायद्याने वकिलांना तिथे मज्जावच आहे. स्वतः जाणे जमत नसेल तर दुसऱ्या व्यक्तीला किंवा संस्थेला अधिकार देता येतो. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित असतो, अपवादात्मक स्थितीत आणखी ३० दिवस. निर्वाहाची कमाल रक्कम महिन्याला १० हजार रुपये. सांभाळण्याची जबाबदारी असताना ज्येष्ठाला कायमचे टाकून दिल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. कुठे जायचे हेच कळत नसेल तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन सकाळी ८ ते रात्री ८ सुरू असते.

जमीन नावावर करण्याआधी काय पाहावे?

‘सांभाळतो, जमीन नावावर करा’ हा व्यवहार गावोगावी होतो. याच कायद्याच्या कलम २३ नुसार मूलभूत गरजा भागवण्याच्या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द करू शकते. मात्र अशी अट होती हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. जानेवारी २०२५ मधील दुसऱ्या निकालात न्यायालयाने या कलमाचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताच्या बाजूने लावण्यावर भर दिला आणि न्यायाधिकरण ताबाही परत देऊ शकते असे म्हटले. यातून व्यवहारी धडा एकच. बक्षीसपत्र करायचेच असेल तर सांभाळण्याची अट त्यातच लिहून घ्यावी. बोलण्यावर जाऊ नये.

वनहक्काच्या जमिनीचा नियम वेगळा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार मिळालेला हक्क वारसांकडे जातो, पण तो विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही. विवाहितांच्या बाबतीत पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे असतो. म्हणजे नवऱ्यामागे म्हातारीला ‘तुझे इथे काही नाही’ असे कोणी म्हणू शकत नाही. पट्ट्यावर आपले नाव आहे की नाही, हे प्रत्येक बाईने आजच पाहून घ्यावे. याच कायद्याच्या नियमांत दावेदारांखेरीज इतर ज्येष्ठांचे लेखी नोंदवलेले कथन हा हक्काचा पुरावा मानला आहे. कोणते शेत कोणी तोडले, देव कुठे होता, गुरे कुठे चरत, हे सांगणारी म्हातारी माणसे गावाच्या हक्काची साक्षीदार आहेत.

आरोग्य यंत्रणेकडून काय मागता येते?

ज्येष्ठांसाठीच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा ज्येष्ठांचा दवाखाना आणि जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा कक्ष अपेक्षित आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांमध्ये ज्येष्ठांची आणि वेदनाशामक देखभाल समाविष्ट आहे. ज्येष्ठांची फिरते, आधाराने फिरणारे आणि अंथरुणाला खिळलेले अशा तीन गटांत नोंद करून, खिळलेल्यांना घरी जाऊन भेटण्याची कल्पना मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. आपल्या गावात अशी यादी आहे का, हा प्रश्न ग्रामसभेत आशा आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला विचारता येतो.

घरी जाऊन सेवा देणे या जिल्ह्याला नवे नाही. ‘सर्च’ने १९९५ पासून ३९ गावांत प्रशिक्षित गावकरी महिलांमार्फत नवजात बाळांची घरोघरी देखभाल सुरू केली. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा तो प्रयोग १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे आशांच्या गृहभेटींच्या रूपाने देशभर गेला. आज बाळ जन्मले की आशा ठरलेल्या दिवशी घरी येते. लकव्याचा रुग्ण घरी आला की कोणी, कोणत्या दिवशी यायचे याचे मात्र तसे पक्के वेळापत्रक गावाला माहीत नसते. केरळने २००८ च्या धोरणाद्वारे स्थानिक स्वराज्य संस्थांमार्फत खिळलेल्या रुग्णांसाठी परिचारिकांच्या गृहभेटी सुरू केल्या. गडचिरोलीत २०२४-२५ पासून वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, चंद्रपूरला २०१५ पासून आहे. तज्ज्ञांचा आधार जवळ आला आहे, गरज आहे ती गावापर्यंतच्या शेवटच्या दुव्याची.

हा दुवा भाषेच्या बाबतीतही लागतो. भामरागडची आजी माडिया बोलते, सिरोंचाची तेलुगू, मुलचेराची बंगाली, कोरचीची छत्तीसगढी. लकव्याने अडखळलेले किंवा विसराळू झालेले माणूस शेवटी मातृभाषेतच बोलते. दवाखान्यात सोबत जाणारा त्या भाषेचा असणे, हाही देखभालीचा भाग.

ग्रामसभा काय करू शकते?

सामूहिक वनहक्कात गडचिरोली आघाडीवर आहे. मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये आणि चंद्रपूरच्या पाचगावला २०१२ मध्ये हा हक्क मिळाला. बांबू आणि तेंदूपासून अनेक ग्रामसभांकडे स्वतःचा पैसा येतो. पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के अबंध निधीही मिळतो आणि आरोग्य हा त्याच्या खर्चाचा एक विषय आहे. त्यातून गावाला एक चाकाची खुर्ची, दोन कमोड खुर्च्या, एक स्ट्रेचर आणि रक्तदाबाचे यंत्र घेता येईल. साधने एका घराची न राहता गावाची राहतील आणि एकाचे काम झाले की दुसऱ्याकडे जातील. तेंदूच्या हंगामात खिळलेल्यांजवळ बसणाऱ्यांना पाळीने मजुरी देण्याचा ठरावही ग्रामसभा स्वतःच्या निधीतून करू शकते.

कुटुंबाने या महिन्यात काय करावे?

१. घरातील सर्वांचा रक्तदाब तपासावा आणि आकडे वहीत लिहावेत.

२. आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक, वय वंदना कार्ड, वनहक्क पट्टा किंवा सातबारा, चालू गोळ्यांची चिठ्ठी एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी. पिशवी कुठे आहे हे घरातील दोघांना तरी माहीत असावे.

३. ज्येष्ठांचे आधारवरील वय पाहून पुढची पायरी कोणत्या वर्षी येते ते लिहून ठेवावे.

४. रात्री-अपरात्री गाडी कोणाची मिळेल, मोबाइलला रेंज कुठे येते, दवाखान्यात सोबत कोण जाईल, हे तिन्ही ठरवावे.

५. भावंडांनी बसून वेळ, पैसा आणि पाळी यांची वाटणी लिहून काढावी.

६. आणि या बैठकीत ज्येष्ठांना बसवावे. कोणाकडे राहायचे, कोणत्या दवाखान्यात जायचे, जमिनीचे काय करायचे, याचा निर्णय बहुतेक घरांत त्यांच्या पाठीमागे होतो. बोलता येते आहे तोवर त्यांचे म्हणणे विचारून घेणे, याला ना अंतर आड येते ना उत्पन्नाची अट.